दुसऱ्या माणसाचं हँडल

फोन आला तेव्हा मी महाडला, आमच्या कॉलेजात अर्ज वाचत बसले होते. विद्यार्थ्यांनी उभं केलेलं पहिलं कामचलाऊ यंत्र पुढे सुधारता यावं म्हणून विद्यापीठ अनुदान देतं, आणि आमच्या मुलांचे अर्ज आधी माझ्या टेबलावर येतात. ‘वापरणाऱ्याचा अभिप्राय’ या रकान्यावर माझं बोट होतं. पलीकडून पोलादपूरच्या वरच्या वाडीतला शेजारी सांगत होता, “तुझी आत्या गेली गो. सकाळी दार उघडलाच नाय तिनं.” ... दीड महिना झाला. त्या रकान्यापाशी आले की अजूनही मला खुर्चीत बसवत नाही.

पारूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुलगे मुंबईला, ही वाडीत एकटी. नाचणीची कणसं अंगणात काठीने झोडायची आणि मग आठवडाभर खांदा धरून बसायची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी तिच्यासाठी मळणीयंत्र करायला घेतलं. निदान याच अनुदानाच्या अर्जात तसं लिहिलं होतं. लोखंडी पिंप, आत फिरणारे दाते, बाहेर हँडल. चाचणी तिच्याच अंगणात झाली. मी हँडल फिरवलं, तिने कणसं सोडली, आणि खाली जमलेले दाणे बघून ती तोंडावर पदर घेऊन हसली. “मशीन बरा हाय,” ती म्हणाली, “पन तू गेल्यावर फिरवायचा कोनी? माझं दोन्ही हात कनसांत.” माझ्या तळहाताला फोड आले होते, त्यांच्यावर फुंकर घालत मी विषय उडवून लावला. अर्जात मात्र तिच्या नावाने ठोकून दिलं : ‘अतिशय समाधानी. एकटी स्त्रीसुद्धा हे यंत्र सहज चालवू शकते.’

अनुदान मिळालं. कॉलेजात सत्कार झाला, पुढे तिथेच नोकरी लागली. मोठ्या तोऱ्यात मी तो अर्ज आत्याला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “हे मी कवा बोलले गो?” मग माझा चेहरा बघून तिनेच मला सांभाळून घेतलं. “शिलाई मशीनीसारखा पायानं चालंल असा कर ना. मंग मी एकटी भागवीन.” करते म्हटलं. केलं नाही. अनुदानाच्या पैशातून हँडल बदलायचं तर आधीचं खोटं विद्यापीठाला सांगावं लागलं असतं, आणि तेवढी धमक माझ्यात नव्हती. मग दरवर्षी तिचा फोन यायचा, “कनसा सुकली गो, येतेस?” पहिली दोन वर्षं गेले. नंतर परीक्षा, मीटिंगा... यंदा ‘बघते’ म्हटलं. ती एकदाही चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं आता सारखं वाटतं.

तेराव्याला गेले तेव्हा यंत्र पडवीत गोणपाटाखाली झाकलेलं होतं. शेजारी टोपलीत यंदाची कणसं, तशीच. झोडायची काठी आढ्याला खोचलेली. गोणपाट काढलं तर हँडलला तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं, चार पदरी, सुतळीने आवळून बांधलेलं. ते हँडल तिने कधीच फिरवलं नव्हतं. फडकं माझ्या हातांसाठी होतं.

घरात माणसं जेवत होती. मी एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताने कणीस यंत्राच्या तोंडाशी न्यायला गेले... हात पोचला नाही.