वास नसलेली कुपी

हुसेनमियाँच्या नाकाची कीर्ती जेद्द्याच्या जुन्या बाजारात एवढी होती, की शेजारचा येमेनी कापडवाला नवा माल आला की त्यांनाच हाक मारायचा. "मुअल्लिम, या गाठोड्यांत उंदीर मेलाय का बघा." हुसेनमियाँ दारातूनच सांगायचे, "मेलाय. डावीकडून दुसरं गाठोडं." आणि उंदीर तिथेच निघायचा. मुअल्लिम म्हणजे उस्ताद. अरबस्तानात परक्या कामगाराला ही पदवी सहजासहजी मिळत नाही आणि हुसेनमियाँना तिचा अभिमान होता. जरा जास्तच होता, हे आधीच सांगितलेलं बरं.

बाणकोटहून ते विशीत इकडे आले, शेख हारूनच्या अत्तराच्या दुकानात झाडू मारायला. एकतीस वर्षांत झाडूपासून मागच्या खोलीतल्या मेजापर्यंत पोचले. गुलाब, ऊद, केवडा, कस्तुरी यांची मिश्रणं त्यांच्या हातची. काटा नाही, माप नाही. थेंब टाकायचा, हुंगायचं, मग मनगटाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून घटकाभर थांबायचं. मनगट हो म्हणालं की माल तयार. मोठ्या बाटलीतून काही वापरायचं नाही, आधी छोट्या कुपीत काढून घ्यायचं, हाही धंद्याचा रिवाज. कुपीवर चिठ्ठी मात्र कधी नाही. "ज्याला नाक नाही त्याने लिहून ठेवावं," असं ते म्हणत. माणसाचा गुण आणि त्याची खोड एकाच खुंटीला टांगलेली असते, एक काढायला जावं तर दुसरीही हातात येते.

मग सौदायझेशन आलं. आधी मोबाईलची दुकानं गेली, मग घड्याळांची, चष्म्यांची. एकेका धंद्याच्या गल्ल्यावरून परदेशी माणूस उठायचा आणि सौदी माणूस बसायचा. अत्तरवाल्यांचा नंबर कधी लागतो याचीच बाजारात चर्चा होती. शेख हारूनने पावसाआधी छत्री घ्यावी तसा आपला भाचा तल्हा आधीच काउंटरवर आणून बसवला. हुसेनमियाँ पडद्याआड गेले. तपासणीवाले आले की ते मागच्या दाराने निघून मशिदीच्या पायरीवर बसत. ज्या दुकानाचा वास त्यांनी घडवला, तिथे ते लपून राहू लागले. याचा त्यांना फार राग यायचा आणि राग काढायला जागा नव्हती.

राग गिळायचं कारण घरात होतं. त्यांची धाकटी आलिमा अकरावीत होती, इंडियन स्कूलमध्ये. तिची बारावी व्हायला एक वर्ष हवं होतं आणि इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपायला चार महिने उरले होते. शेखने नूतनीकरण केलं तर बारावी इथे, नाहीतर मधल्यामध्ये शाळा सोडून गावी. आलिमाने मात्र बारावीच्या वह्या आताच आणून ठेवल्या होत्या, वर नावाच्या लेबलांचं एक कोरं पानही. तिची आई साबिरा म्हणायची, "म्हैस पाण्यात आणि मोल करतेय बघ ही पोरगी."

तल्हा मनाने वाईट नव्हता. वयाने चोवीसचा, हातात सदा वाफेची नळी, म्हणजे ई-सिगरेट. तिच्यात भरायचं पाणी बाजारात उघड मिळत नसे, कोणी बाहेरून चोरून आणलं तरच. एके दुपारी तो पडद्याआड आला. "मुअल्लिम, तुमचं हे नाक असताना मी दुसऱ्याचं खोकल्याच्या औषधासारखं पाणी का ओढू? सामान मी आणतो. तुम्ही घरी बनवा. मित्रमंडळींत खपेल." मग आवाज उतरवून म्हणाला, "मामाला मी सांगेन, मुअल्लिमशिवाय दुकान चालायचं नाही. इकाम्याची सही करायला लावणं माझ्याकडे लागलं."

शेख हारूनला धुराचा तिटकारा होता. धाकटा भाऊ त्याने सिगरेटीपायी गमावला होता. हे दोघांनाही माहीत होतं. हुसेनमियाँनी क्षणभर विचार केला आणि आलिमाच्या कोऱ्या वह्या आठवून हो म्हटलं.

सामान आलं. जाडसर गोड पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, खाण्याचे अर्क, आणि एका काळ्या पिशवीत वेगळी बांधलेली निकोटिनची बाटली. सोबत तल्हाने कुठूनतरी छापून आणलेले चार कागद, इंग्रजीत. नवशिक्यांसाठी सूचना. आलिमाने वाचलेला 'नवशिक्या' शब्द ऐकून हुसेनमियाँ हसले.

आलिमा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून वाचू लागली. "अब्बा, सुनो. पहिल्यांदा थोडंच बनवा. थेंब मोजू नका, काट्यावर वजन करा."

"आमचा थेंब त्यांच्या काट्याला शिकवेल."

"तेल अजिबात नाही. ऑइल लंग्जमध्ये गेलं की बाहेर येत नाही."

हे मात्र त्यांना पटलं. अत्तर म्हणजे तेलच, आणि त्यांच्या मनात चंदनाचे दोन थेंब घालायचे होते. त्यांनी चंदनाची कुपी मागे सारली. एक सूचना ऐकली म्हणजे सगळ्याच ऐकल्या, असं समाधान माणसाला फार लवकर होतं.

"हँडग्लव्ह्ज. निकोटिन त्वचेतून आत जातं. खाण्याच्या वस्तूंपासून दूर, कुलपात ठेवा. आणि प्रत्येक बाटलीवर नाव, स्ट्रेंग्थ, तारीख लिहा. ये सबसे इम्पॉर्टंट है, अब्बा."

"माझं नाक हेच लेबल."

"पण याला वासच नाही!" आलिमाने निकोटिनची बाटली उघडून नाकाशी नेली. "स्मेल करके देखो. काहीच नाही."

हुसेनमियाँनी हुंगलं. खरंच काही नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर असं काही आलं नव्हतं. त्यांना भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्यांना वाटलं, ज्याला वास नाही ते काय मोठं जहर असणार? त्यांच्या जगात वाईट गोष्ट आधी नाकाला कळायची.

रिवाजाप्रमाणे त्यांनी निकोटिन एका रिकाम्या कुपीत काढलं. चौकोनी, जाड काचेची, तळ काड्यापेटीएवढा. दुकानातून घरी येणारा खिरीचा केवडा वर्षानुवर्षं असल्याच कुपीतून यायचा आणि ही त्यातलीच एक होती. बुचाला केवडा अजून चिकटलेला होता. तीन सारख्या कुप्या फ्रीजवरच्या फळीवर उभ्या राहिल्या: केवडा, गुलाबपाणी, आणि तिसरी. आलिमा लेबलांचं पान घेऊन आली, तेव्हा ते तिच्यावर डाफरले. "कुपीच्या तोंडावर चिठ्ठी लावतेस? माझं थोबाड रंगवतेस का?" ती पान घेऊन आत गेली.

महिनाभर काम चाललं. हुसेनमियाँ प्रत्येक मिश्रण सवयीने मनगटावर घेऊन बघायचे. पहिल्या आठवड्यात त्यांना घाम फुटला, घर फिरलं, मोरीत जाऊन ओकले. साबिरा म्हणाली, "अवो, बीपीची गोळी विसरलात." गोळी घेतली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच, वर हाताला थरथर. साबिराने मिरच्या ओवाळून नजर काढली. फक्त आलिमा दारात उभी राहून बघत होती. "अब्बा, ग्लव्ह्ज," एवढंच म्हणाली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अंगावर काटा येतो तो इथे. खुद्द त्यांचं मनगट, ज्याच्यावर त्यांचा उभा जन्म विश्वास होता, ते ओरडून सांगत होतं आणि उस्तादाला त्याची भाषा कळत नव्हती.

तल्हाचे मित्र मात्र खूश होते. तल्हाने शब्दही पाळला. शेख हारूनने निरोप धाडला: शुक्रवारी नमाजनंतर जेवायला येतो, साबिराच्या हातची खीर हवी, आणि इकाम्याचंही बोलू.

साबिराने दोन दिवस घर घासलं. वड्याचं पीठ, मटण, नारळाच्या दुधातली शेवयांची खीर. बाणकोटच्या पद्धतीने खीर उतरवल्यावर शेवटी चमचाभर केवडा पडायचा. फळीवरची पहिली कुपी जवळजवळ रिकामी निघाली. शेजारची गुलाबपाण्याची होती, म्हणून तिने तिसरी घेतली, बूच हुंगलं, केवड्याचा वास आला. द्रव जरा दाट होता. 'मालक येणार म्हणून भारीतला आणलाय वाटतं,' असं मनाशी म्हणत तिने एक चमचा भरून घातला आणि ढवळलं. इंग्रजी कागद तिने वाचले नव्हते, फळीवर काय उभं आहे ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिची चूक शोधायची म्हटली तरी सापडत नाही.

शेख हारून आला, पोटभर जेवला, ढेकर देऊन अल्लाचे आभार मानले. मग म्हणाला, "हुसेन, तल्हा म्हणतो तुझ्याशिवाय दुकानाला वास नाही. खरं आहे. उद्या कागद घेऊन ये. आणखी एक वर्ष." हुसेनमियाँचे डोळे भरून आले. एक वर्ष. तेवढंच तर हवं होतं.

साबिराने पडद्यामागून खिरीची वाटी पुढे सरकवली. हुसेनमियाँनी ती दोन्ही हातांनी उचलून मालकापुढे ठेवली आणि ठेवता ठेवता त्यांचं नाक आपोआप खाली झुकलं.

नारळ होता. वेलची होती. तूप होतं. केवडा नव्हता.

"साबिरा," त्यांनी विचारलं, "केवडा घातलास ना?"

"घातला की. चमचाभर. आज चांगला दाट होता."

आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून आलिमाचा आवाज आला. सकाळपासून राबून भुकेलेली ती पातेल्याची खरवड वाटीत घेऊन बसली होती. "मम्मी, खीर में मिर्ची डाली है क्या? गळा जळतोय."

शेखचा चमचा ओठांपर्यंत गेला होता. हुसेनमियाँनी हाताचा फटका मारला. चमचा भिंतीवर आपटला, वाटी गालिच्यावर उपडी झाली. एकतीस वर्षांपासूनच्या मालकाच्या पांढऱ्या, पायघोळ तोबवर खिरीचे शिंतोडे उडाले. झुरळ पडलं होतं, असं सांगता आलं असतं. तो विचार डोक्यात आलाही. पण शेखचा चमचा त्याआधी एकदा तोंडाला लागला होता की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"जहर आहे, शेख," ते म्हणाले. "निकोटिन. मी घरात ठेवलं होतं. तल्हाच्या नळीचं पाणी मीच बनवतो. तुम्ही खाल्लंत का? सांगा, खाल्लंत का?"

शेखने मान हलवली. नाही. तेवढ्यात आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि साबिराने किंकाळी फोडली.

आलिमा ओट्याखाली पडली होती. ओठांतून फेस, अंगाला झटके. शेख हारूनने तिला स्वतः उचललं, स्वतःच्या गाडीत घातलं आणि सिग्नल न बघता गाडी हाणली. हुसेनमियाँच्या एका हातात लेकीचं डोकं होतं, दुसऱ्यात कुपी.

इस्पितळात एक इजिप्तची डॉक्टरीण धावत आली. "काय होतं? किती ताकदीचं? लवकर बोला!"

हुसेनमियाँना ताकद ठाऊक नव्हती. आकडा काळ्या पिशवीतल्या बाटलीवर होता, तो त्यांनी कधी वाचला नव्हता आणि ती बाटली कधीच फेकली होती. काही सुचेना तेव्हा माणूस जन्मभराची सवय करतो. त्यांनी कुपीचं बूच उघडलं आणि ती नाकाला लावली.

डॉक्टरिणीने ती त्यांच्या हातातून हिसकावली, उजेडात धरली, उलटी केली. तळाला कात्रीने नीट कापलेलं एक लेबल चिकटवलेलं होतं. शाळेच्या वहीचं. त्यावर छापील ओळी होत्या आणि आलिमाचं बारीक अक्षर. नेमपुढे: निकोटिन. क्लासपुढे: १०० एमजी पर एमएल. सब्जेक्टपुढे: पॉइझन. डॉक्टरिणीने आकडा मोठ्याने वाचला आणि आत पळाली.

तोंडावर चिठ्ठी नको, असं बाप म्हणाला होता. पोरीने तळाला लावली होती.

चौथ्या दिवशी आलिमाने डोळे उघडले. पाचव्या दिवशी शेख हारून आला. त्याने तक्रार केली नाही, कुणाला करू दिली नाही, इस्पितळाचं सगळं स्वतः भागवलं. बाहेरच्या बाकावर बसून म्हणाला, "हुसेन, तू मला वाचवलंस, त्याबद्दल अल्ला तुला देईल. पण वाचवलंस ते तुझ्याच जहरापासून. आता मी तुला ठेवू शकत नाही." त्याने खिशातून कागद काढला. खुरूज निहाई, म्हणजे कायमचं परत जाणं. हुसेनमियाँनी सही केली.

बाणकोटला आले तेव्हा कॉलेजं सुरू होऊन महिने लोटले होते. बदलीच्या दाखल्यावर एक शिक्का कमी, दूतावासाचा एक कागद कमी. बारावीला या वर्षी प्रवेश मिळणार नाही, असं तिसऱ्या कॉलेजनेही सांगितलं. आलिमाच्या हाताला अजून कापरं होतं, पेन सुटायचं. डॉक्टर म्हणाले, जाईल. केव्हा, ते सांगितलं नाही.

एका दुपारी हुसेनमियाँनी स्वयंपाकघरातले सगळे डबे, बरण्या, बाटल्या ओसरीवर आणून मांडल्या. मीठ, साखर, सोडा, फिनेल, सगळं. मग लेकीच्या पेटीतून लेबलांचं पान काढलं. एक जागा रिकामी होती, बाकीची लेबलं कोरी. ते तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "बेटा, सगळ्यांवर लिही. एकही सोडू नको."

आलिमाने पेन दोन हातांनी धरलं. पहिल्या लेबलावर नेमपुढे हळूहळू लिहिलं, मीठ. मग तिचं पेन खालच्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"अब्बा," तिने विचारलं, "क्लासपुढे काय लिहू?"