सासऱ्यांच्या मागे त्यांचा फोन

सासरे जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि मी त्यांच्या फोनवरून एका गृहस्थांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. सासरे विमा एजंट, सगळा जन्म कल्याणात गेलेला. गिऱ्हाइकांचे वाढदिवस त्यांनी फोनमध्ये भरून ठेवलेले, आणि फोन तेव्हा माझ्याकडे होता. सकाळी तो वाजला, अमक्यांचा वाढदिवस आहे म्हणाला, मी अर्धवट झोपेत कर्तव्य बजावलं. वर त्यांच्या पद्धतीने 'लवकरच भेटू' असंही लिहिलं.

थोड्या वेळाने त्या गृहस्थांचाच फोन. स्मशानात ते माझ्या शेजारीच उभे होते.

"जावईबापू, तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"मग ठीक. आत्ता पाणी प्यायलो. भेटायची एवढी घाई नाही म्हणून कळवा त्यांना."

हे सासूबाईंच्या कानावर गेलंच. मी बोलणी खायच्या तयारीने कल्याणला गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "आमचे हे मेसेज नाही करायचे कधी. फोन करायचे. आंघोळ झाली की, चहाच्या आधी. द्या तो इकडे."

माणूस गेला की त्याचं दुकान बंद होतं, अशी माझी समजूत. विम्यात तसं नसतं. पॉलिसी चालू राहतात, त्यांच्यावरचं कमिशन नियमाने बायकोच्या नावावर येत राहतं, आणि गिऱ्हाईक त्याच नंबरवर फोन करत राहतं. कोणाचा पत्ता बदललाय, कोणाचे कागद घर बदलताना हरवलेत, कोणाला वारस म्हणून आता भाऊ नको झालाय. निम्मे फोन तर विम्याचे नसायचेच. मुलीला स्थळ सुचवा, गुडघ्याला डॉक्टर सुचवा.

सासरे गेल्यापासून ज्यांना दोन घास धड जात नव्हते, त्या सासूबाई सकाळी वेणी घालून खिडकीशी बसू लागल्या. फोन मांडीवर. पहिल्या रिंगला उचलायच्या नाहीत, गिऱ्हाइकाला आपण रिकामे वाटतो म्हणे. मग सासऱ्यांसारखंच लांबवून, "बोलाऽ". बायको म्हणायची, आईला पुन्हा भूक लागायला लागलीये.

बोलायचं खातं त्यांचं, पळायचं माझं. माझं ऑफिस माजिवड्याला. संध्याकाळी निघायच्या वेळेला त्यांचा फोन ठरलेला. "कोलशेतच्या बाईंची सही आणायचीय. तुमच्या वाटेवरच आहे ना?" डोंबिवलीला घरी जाणाऱ्या माणसाच्या वाटेवर कोलशेत कधीच नव्हतं. पण जावयाने सासूला नकाशा शिकवू नये, म्हणून मी जायचो. कोलशेतच्या बाई चहा द्यायच्या आणि सासऱ्यांच्या आठवणी सांगून रडायच्या. मी बिस्किट हातात धरून बसायचो, कारण कोणी रडत असताना ते बुडवून खाणं बरं दिसत नाही.

वर्षभर असं चाललं. अर्ध्या रजा संपल्या, मग पूर्ण संपल्या. शेवटी विमा कंपनीच्या शाखेतल्या साहेबांनी एक नवीन एजंट सुचवला. हुशार, तरतरीत, सगळं मोबाईलवर करणारा. मी सासूबाईंना विचारलं.

"तुम्हाला जमत नसेल तर द्या त्याला," त्या म्हणाल्या. "नंबर मात्र राहू दे."

मी सगळ्या गिऱ्हाइकांना नव्या एजंटचा नंबर कळवला. इतकं मन लावून मी माझ्या ऑफिसचं कामही कधी केलेलं नाही. लोकांनीही ऐकलं. एकेक करून सगळे तिकडे वळले. मला संध्याकाळी सरळ घरी जाता येऊ लागलं, आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोप लागू लागली.

मग एका रविवारी आम्ही दोघं कल्याणला गेलेलो, तर सासूबाईंनी फोन माझ्या हातात ठेवला. "हा बिघडलाय. जरा दाखवून आणा."

मी स्टेशनजवळच्या दुकानात नेला. दुकानदाराने मागून पुढून पाहिला.

"काय होतंय काका?"

"वाजत नाही."

त्याने स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला. तो खणखणीत वाजला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काउंटरवरच्या कव्हरांकडे पाहिलं. एक कव्हर घेतलं. रिकाम्या हाताने परत कसं जायचं.

"चांगला आहे फोन," मी घरी येऊन सांगितलं.

"मग वाजत का नाही?"

मी चहा पीत राहिलो. सासूबाईंनी नवीन कव्हर उलटसुलट करून पाहिलं, फोन मांडीवर ठेवला आणि बायकोला म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या गं. मला काही नको आत्ता."

परतताना रिक्षा पत्रीपुलावर आली. मी आपलं बाहेर बघत होतो. बायकोने विचारलं, "तुझी पॉलिसी बाबांचीच ना? लग्न ठरलं तेव्हा घ्यायला लावलेली."

"हो. म्हणजे, माझी नव्या माणसाकडे द्यायची राहिलीच."

"राहू दे तशीच," ती म्हणाली. "उद्या सकाळी आईला त्या नंबरवर फोन कर आणि हप्ता कधी भरायचाय विचार. बँकेतून आपोआप जातो, ते सांगू नकोस. आणि परवा पत्ता बदलायचाय म्हण."