गोलातला येस सर

कुवेतला, महबूल्यात लेकीच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये एक ब्राझीलची बाई तिच्या आफ्रिकी पूर्वजांची गाणी शिकवायची. सगळ्यांनी गोल करायचा, एकाने मध्ये येऊन ओळ म्हणायची, बाकीच्यांनी टाळ्यांवर उत्तर द्यायचं. मला घरी बसवत नाही, मीही जायची.

तिथे एक गृहस्थ यायचे. नाव मी कधी विचारलंच नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. टाळी देतानासुद्धा आधी बाईंकडे बघायचे, परवानगी मागितल्यासारखे. कुरकुर मात्र रोजची. "काकू, दिवसभर साहेबाच्या मागे येस सर, येस सर! इथेही मागूनच म्हणायचं? मला एकदा पुढे उभं राहायचंय."

शेवटी त्यांची पाळी आली. छाती काढून मध्ये गेले, ओळ म्हणाले, आणि छान म्हणाले हो! आम्ही उत्तर दिलं, तर हेही आमच्याबरोबर उत्तर देऊन मोकळे. मग पुढची ओळ कोण सांगतंय म्हणून चौफेर बघत राहिले. टाळ्या विरायला लागल्या, गृहस्थ घामाघूम. मला राहवेना. मीच जागेवरून ओळ उचलली.

काय सांगू, चेहरा असा खुलला! मधोमध उभं राहून, डोळे मिटून त्यांनी उत्तर दिलं. इतका खणखणीत येस सर त्यांच्या साहेबानेही कधी ऐकला नसेल.