न झालेले उपमहापौर

तो उपमहापौराच्या निवडणुकीत हरला, आणि त्याला मी हरवलं. बाकीचे लोक काहीही कारणं देतात. कुणी म्हणतं पाऊस होता, कुणी म्हणतं विरोधी बाई जोरात होती. म्हणू देत.

इकडे परदेशात, व्हिटबी शहराच्या पुढचं आमचं गाव लहान, आणि गावातले आम्ही मराठी तर दोन दिवाणखान्यांत मावू एवढे. त्यातला हा एक. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, इंजिनिअर, बोलण्यात गूळ. त्याची कारकीर्द मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त पाठ आहे. आधी मुलीच्या शाळेची पालक समिती, मग लायब्ररीचं बोर्ड, मग २०१४ साली नगरपरिषद. त्या निवडणुकीत मी त्याच्यासाठी तीन महिने दारोदार हिंडले. गुडघ्याला पट्टा बांधून हिंडले. आमचे हे गाडीत बसून राहायचे, थर्मासमधला चहा ओतून द्यायचे आणि विचारायचे, "हा निवडून आल्यावर तुला मंत्री करणार आहे का?" तो जिंकला त्या संध्याकाळी आमच्याच घरी पिठलं-भात जेवला. आमच्याकडे तो नेहमीच जेवायचा. मला काकू म्हणायचा, यांना काका.

पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात सकाळी हे दूध आणायला म्हणून रस्त्यापलीकडच्या प्लाझातल्या दुकानात निघाले. आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता चार लेनचा. सिग्नल डावीकडे दहा मिनिटं चाललं की, नाहीतर उजवीकडे तितकंच. बिल्डिंगमध्ये सगळे म्हातारे. दहा मिनिटं चालून परत दहा मिनिटं कोण येणार? सगळे मधूनच रस्ता ओलांडायचे. हेही ओलांडायचे. त्या दिवशी गाडी आली.

तेराव्याला तो आला, माझ्या पायांशी बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काकू, तिथे क्रॉसिंग लाइट बसवल्याशिवाय मी राहणार नाही. प्रॉमिस." मला तेवढंच हवं होतं. बटण दाबलं की गाड्या थांबतील, बस.

वसंतात तो विषय नगरपरिषदेपुढे आला. मी यांचा मफलर गळ्यात घालून प्रेक्षकांच्या खुर्चीत बसले होते. तो उठला आणि इंग्रजीत म्हणाला की एका दुर्दैवी घटनेवर गावाचं वाहतूक धोरण ठरवता येत नाही. पलीकडच्या शेतावर नवीन घरं होणार होती, आणि ती बांधणाऱ्यांना तो रस्ता वेगवान हवा होता, हे मला मागाहून कळलं. ठराव एका मतानं पडला. ते मत त्याचं. बाहेर पडताना त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले आणि घाईनं दुसऱ्या दारानं गेला. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला वयाच्या सत्तराव्या वर्षी कळलं.

मी भांडले नाही. रडलेही नाही. त्याला पाणी पाजायचं एवढं मात्र तिथंच पार्किंग लॉटमध्ये ठरवलं, आणि अडीच वर्षं त्याच्या मुलीच्या वाढदिवसालासुद्धा हसत गेले. चीड टिकवायला मेहनत लागते. मी केली.

२०१८ च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "काकू, या वेळी डेप्युटी मेयरसाठी रन करतोय. यू आर माय लकी चार्म. आपल्या लोकांचं कॅन्व्हासिंग सगळं तुम्हीच बघा ना." मी म्हटलं, "बघते की."

हे काम कसं चालतं ते सांगते. गल्लीगल्लीची यादी हातात देतात. दार ठोठावायचं, बोलायचं, आणि परत येताना त्या घरापुढे आकडा टाकायचा. एक म्हणजे आपला माणूस. दोन म्हणजे अजून ठरलेलं नाही. तीन म्हणजे नाद सोडा. मतदानाच्या दिवशी फक्त 'एक' वाल्यांना फोन जातात, त्यांच्याच दारात गाड्या जातात. 'तीन' वाल्यांना कोणी आठवणही करत नाही, उगाच आपल्या विरोधकाला मत पडायचं.

आता आपल्या लोकांत एक खोड आहे. तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मराठी असोत, गुजराती असोत, पंजाबी असोत, दारात उभं राहून सगळे म्हणणार, "हो हो, नक्की, या ना आत." मग चहा, मग फराळाचं, मग "आमच्या घरची चारही मतं तुमचीच." आणि मत भलत्यालाच, किंवा कोणालाच नाही. ज्याला खरंच मत द्यायचं असतं तो दारातच हुज्जत घालतो: टॅक्स का वाढवला, बर्फ का उचलत नाही, तुमचा माणूस करतो काय. हे मी त्याला २०१४ मध्ये शिकवलं होतं. गोड बोलणाऱ्याला दोन घाल, भांडणाऱ्याला एक. तो तेव्हा हसला होता, पण आकडे माझेच वापरले आणि जिंकला.

या वेळी मी गोड बोलणाऱ्यांना एक घातला. भांडणाऱ्यांना तीन. प्रचाराला आलेल्या पोरांनी भरून आणलेल्या याद्याही तपासायला माझ्याकडेच यायच्या. मी चष्मा पुसून, डायनिंग टेबलावर बसून, नीट अक्षरात त्या दुरुस्त केल्या. एवढ्या समाधानानं मी कित्येक वर्षांत कुठलं काम केलं नव्हतं. दर आठवड्याला तो याद्या बघून खूश व्हायचा. "काकू, एवढे सगळे वन्स, एक नंबरवाले?" मी म्हणायचे, "लोकांना तू आवडतोस रे."

मतदानाच्या दिवशी त्याच्या गाड्या गावभर फिरल्या आणि ज्यांना यायचंच नव्हतं त्यांच्या दारात हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या. आतून निरोप येत होते, ताप आहे, पाहुणे आलेत, आम्ही जाऊ नंतर.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते. मुलाकडे आली ती राहिलीच, आणि त्याच उन्हाळ्यात नागरिक झाली. या देशातलं तिचं पहिलं मत. बर्फावरून त्याच्या नावानं ती माझ्याशी अर्धा तास भांडली होती, म्हणजे पक्की त्याचीच. मी तिच्यापुढे तीन घातला आणि तिला सांगितलं, गाडी येईल. दुपारी चारला मी वर गेले तर ती कोट घालून, बूट घालून, पासपोर्ट मांडीवर ठेवून दाराजवळच्या खुर्चीत बसलेली. सकाळी नऊपासून. "विसरले वाटतं मला," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला बसनं घेऊन गेले, आणि परतताना बसमध्येच सगळं सांगून टाकलं. तिनं स्टॉप येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "मग माझ्याशी तरी खरं बोलायचं होतंस." आजही ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. ते मला लागलं. पण त्याच्याबद्दल वाईट वाटलं का? नाही. जराही नाही.

तो थोडक्यात पडला. अगदी थोडक्यात, म्हणजे जिव्हारी लागावं असा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. सोफ्यावर बसून म्हणाला, "काकू, सगळ्यांनी दगा दिला. तुम्ही एकट्याच माझ्या मागे उभ्या राहिलात." मी याच घटकेची वाट बघत होते. मनातल्या मनात मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं. "तुझ्या याद्या मी चुकीच्या भरल्या. मुद्दाम. सिग्नलसाठी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कुठला सिग्नल, काकू?"

तो सोंग करत नव्हता. सोंग करताना तो आधी हात जोडतो, मला माहीत आहे. या वेळी कपाळाला आठी घालून खरोखर आठवत होता. मी सांगितलं. कुठली बैठक, ठराव कोणी मांडला, तो कुठल्या खुर्चीवरून उठला, काय म्हणाला, शब्द न शब्द. "असं म्हणालो मी?" तो म्हणाला. "काकू, महिन्याला इतके विषय येतात." मग सोफ्यावर जरा पुढे सरकला. मला वाटलं, आता पोचलं. तर त्यानं विचारलं, "म्हणजे अंदाजे किती घरं असतील?"

मी घरांचा आकडा सांगितला. त्यानं खिशातून फोन काढला आणि टिपून घेतला, पुढच्या निवडणुकीसाठी. अडीच वर्षं मी ज्याच्यासाठी आग जपली, त्याला साधी धगही लागली नव्हती.

"त्यात यांचंही नाव लिही," मी म्हणाले. "कशामुळे पडलास ते कळायला."

"लिहितो ना," तो म्हणाला, आणि अंगठा फोनवर तसाच धरून थांबला. मग मान वर करून, अगदी अदबीनं विचारलं, "काकांचं नाव काय होतं?"

मी सांगितलं नाही.