इंटरनेटवर महाडचा ठराव

"सरकारनं इंटरनेटला हातसुद्धा लावू नये," असं आमच्या तालुक्याचे पुढारी नानासाहेब माइकवर म्हणाले आणि परिसंवादासाठी भरलेल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. व्यासपीठावरून मीही वाजवल्या. सकाळीच ते माझ्या ऑफिसात येऊन एक वेबसाइट महाडात दिसणार नाही अशी करा म्हणून सांगून गेले होते. त्यांनी केलेल्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचे फोटो मुंबईच्या कुणा चाकरमान्याने त्यावर टाकले होते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. महाडात माझी छोटी आयएसपी होती. आयएसपी म्हणजे तुमच्या घरापर्यंत इंटरनेट आणून देणारा. मला पोलादपूरला टॉवर उभारायचा होता. तिथल्या टायपिंग क्लासच्या शिर्के मॅडम कधीपासून मागे लागल्या होत्या. साधा ऑनलाइन निकाल बघायला त्यांच्या क्लासच्या मुली एसटीने महाडला येत. ग्रामपंचायतीची परवानगी अडली होती. अर्धे सदस्य नानासाहेबांचे, अर्धे त्यांचे विरोधक भाऊसाहेबांचे. त्यामुळे परिसंवादात गोड बोलायचं ठरवूनच मी गेलो होतो.

भाऊसाहेब विरुद्ध बाजूचे. इंटरनेटने पिढी बिघडते, सरकारने लगाम घालावा, असं ते तळमळीने बोलले. मग अध्यक्ष जोशीबाईंनी, त्या निवृत्त मुख्याध्यापिका, मला आजचा नियम काय ते सांगायला सांगितलं.

मी सांगितलं. लायसन्स सरकार देतं. कोणता ग्राहक केव्हा इंटरनेटवर होता आणि काय वापरत होता याची नोंद आम्हाला ठेवावी लागते. सरकारने मागितली तर द्यावी लागते. साइट बंद करण्याचा आदेश आला तर ती बंद करावी लागते.

भाऊसाहेबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे माझ्या घरची नोंदसुद्धा तुमच्याकडे आहे?"

"सगळ्यांचीच आहे," मी म्हणालो.

ते पुन्हा माइककडे गेले. नागरिकाचं खासगी आयुष्य पवित्र असून सरकारने त्यात डोकावणं ही हुकूमशाही आहे, असं त्यांनी सांगितलं. तोवर नानासाहेब माझ्या कानाशी लागले होते. साइट बंदचा आदेश तालुक्याच्या पातळीवर मिळतो का, असं विचारत होते. नाही म्हटल्यावर तेही उठले आणि नियंत्रण हवंच, पण ते तालुक्याच्या हातात हवं, असं ठणकावून आले.

वरंधहून टेम्पोने आलेला त्यांचा एक कार्यकर्ता गोंधळला. "सायेब, आता आपन कंट्रोलच्या बाजूनं हाय का नाय?" त्याने मलाच विचारलं. मी टाळ्या चालू ठेवायला सांगितलं.

जोशीबाईंनी शांतपणे विचारलं, "दोघांची भाषणं उलट झाली आहेत. ठराव काय लिहू?"

इंटरनेट पूर्णपणे मुक्त असावं आणि त्यावर कडक नियंत्रण असावं, असा ठराव एकमताने झाला. मागून शिर्के मॅडमनी टॉवरचं काय म्हणून विचारलं. त्यासाठी आधी समिती नेमावी, यावरही दोघांचं एकमत झालं. मॅडम हॉलमधून उठून गेल्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

चहाच्या वेळी दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेतलं. भाऊसाहेबांना त्यांची नोंद पुसून हवी होती आणि नानासाहेबांची बघायला हवी होती. नानासाहेबांचं नेमकं उलट. नियमात बसत नाही, एवढंच मी दोघांना सांगितलं. टॉवरचं नावही काढलं नाही.

आठवडाभरात परवानगी हातात आली, दोघांच्याही सदस्यांच्या सह्यांनिशी. समिती नेमलीच गेली नाही. पहिलं कनेक्शन शिर्के मॅडमच्या क्लासला दिलं.

इंटरनेटवर नियंत्रण असावं की नसावं, हा वाद अजून चालू आहे. नियंत्रण चालतं कसं, ते मात्र मला त्या आठवड्यात कळलं.