उलटे आकडे

मीटरबाईंची मान हलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. निम्म्या लोकांना मात्र वाटायचं की हा ताठा आहे. खरं तर मणक्याच्या ऑपरेशनात डॉक्टरांनी मानेत धातूची पट्टी बसवली होती. ताठा होताच, पण तो आधीपासूनचा.

टॅक्सीचे मीटर दुरुस्त करणं हा बाईंचा धंदा, आणि क्लबचं दोन आसनी विमान उडवणं हा नाद. ऑपरेशननंतर क्लबच्या कप्तानांनी त्यांना बोलावून घेतलं. माणूस सरळ, पण नियमाला पक्का.

"बाई, उतरताना वेगाचा काटा बघायला मान वाकवावी लागते. तुमची वाकत नाही. वेग कमी पडला तर विमान दगडासारखं खाली येतं. आता बस करा."

"काटा खाली बसवलाय, हा काट्याचा दोष," बाई म्हणाल्या. "मी त्याला वर आणते."

शेवटी ठरलं ते असं. बाईंनी आपलं यंत्र लावून एक फेरी मारायची, कप्तान शेजारी बसणार. त्यांना एकदा जरी विमान वळवायच्या दांड्याला हात लावावा लागला, तर बाईंचं उडणं कायमचं बंद. नाही लावला, तर एकटीनं उडायची मोकळीक. बाईंनी अट ऐकली आणि चहा अर्धा टाकून उठल्या.

भंगारातल्या मीटरचे, उजळणाऱ्या सरळ काड्यांचे लाल इंग्रजी आकडे त्यांनी काढले, वाऱ्याच्या दाबावरून विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीला जोडले, त्यांवर भिंग बसवलं आणि डोळ्यांसमोर तिरकी काच उभी केली. काचेत आकडे उमटायचे आणि काचेतूनच समोरची धावपट्टीही दिसायची. पण काचेच्या दोन्ही बाजू आपापलं प्रतिबिंब दाखवायच्या, त्यामुळे एकेक आकडा जोडीनं यायचा. काच रद्द झाली. मग सासूबाईंच्या भरतकामाच्या फ्रेममध्ये पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणलं, केस वाळवायच्या मशीननं गरम करून घट्ट केलं, आणि आकडा एकटा आला.

"माझी फुलं अर्धी राहिली," सासूबाई म्हणाल्या, "आणि हिला आभाळ भरायचंय."

वेग मोजणाऱ्या नळीत फुंकर मारायचं काम नवऱ्याकडे. तो गाल फुगवून फुंकायचा, बाई समोर बसून आकडे वाचायच्या.

"एवढ्या फुंकण्यात मला बासरी आली असती," तो दम खात म्हणाला.

"अहो, आधी उतरायच्या वेगावर, पंचावन्नवर टिका. बासरीचं मग बघू."

फेरीच्या दिवशी विमान धावपट्टीवर सुटलं आणि कप्तानांनी तिरकं होऊन त्या फ्रेममध्ये डोकावलं.

"बाई, आकडे उलटे आहेत. थांबवा."

बाईंनी नीट पाहिलं. खरंच होते की! आणि का, तेही लगेच कळलं. दुकानात मीटर पाठीमागून उघडायचा आणि त्याचं तोंड समोरच्या आरशात बघायचं, ही धंद्याला लागल्यापासूनची रीत. आयुष्यभर उलटे आकडेच वाचलेले, त्यामुळे फ्रेममधले उलटे आहेत हे डोळ्यांना जाणवलंच नव्हतं. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. इथे थांबलं तर पुन्हा कोण बसू देणार होतं?

"असू देत उलटे," त्या म्हणाल्या, आणि विमान उचललं.

फेरी नीट झाली. उतरण्यासाठी वळण घेतलं, इंजिन हळू केलं. कप्तानांची नजर पुन्हा फ्रेमवर गेली. तिथे लख्ख बावीस दिसत होते. चाळिसाखाली ते विमान हवेत राहतच नसे. कप्तानांचा हात दांड्याकडे झेपावला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मीटरचा पाच आरशात दोन दिसतो. हे पंचावन्न आहेत. खाली काटा बघा. मला बघता येत नाही, तुम्हाला येतं."

हात दांड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. कप्तानांनी मान वाकवली. काटा पंचावन्नवर होता. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, आणि चाकं जमिनीला टेकेपर्यंत तो तिथेच दाबून धरला.

विमान धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं. कप्तानांनी कपाळ पुसलं.

"आधी हे आकडे सुलटे करून आणा, बाई."

"ते माझ्यासाठी सुलटेच आहेत. यात तुम्हाला कुठे वाचायचंय? दांड्याला हात लागला का?"

"नाही."

"मग उतरा."

 कप्तानांनी पट्टा सोडला, ते खाली उतरले, रिकाम्या आसनाचा पट्टा नीट आवळला आणि दार बाहेरून लावून घेतलं.