मॅडम थांबून राहिल्या
"प्रिन्सिपल हाय का मुकादम? रोज सकाळी संडास बघत फिरते!" सफाईच्या मावशी शिपाईकाकांना म्हणत होत्या. फिनेलचा वास आला की पनवेलच्या शाळेतला तो दिवस आठवतो. आठवीतली माझी मैत्रीण मधल्या सुट्टीत न सांगता घरी पळायची, म्हणून तिला शाळेतून काढायचं चाललं होतं. प्रिन्सिपल मॅडम स्वतः वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "का पळते ती? कुणीतरी सांगा." मॅडम न रागावता उत्तरासाठी थांबून राहिल्या. आता मी शिकवते तेव्हा प्रश्न विचारून तशीच थांबते. त्या दिवशी, वर्गात कधीच न बोलणारी मी उठले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज बाथरूम बघता, पण दार लावून नाही बघितलंत. आतून कडीच नाहीये."